केव्ही काका

सभागृहातले दिवे मंद होतात, पडद्यावर पहिलं करडं चित्र उमटतं, आणि दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीतून आवाज येतो, "केव्ही किती?"

वक्ता नवखा असेल तर थबकतो. मुरलेला असेल तर "प्रश्न शेवटी घेऊ" म्हणतो. काका शेवटपर्यंत थांबतात. निवृत्त माणसाकडे वेळ मुबलक असतो आणि तो दुसऱ्यांवर खर्च करायला ते मागेपुढे पाहत नाहीत.

मायक्रोस्कोपी आणि मायक्रोअ‍ॅनालिसिसच्या परिषदेत असे एक काका असतातच. आयोजकांनी त्यांना बोलावलेलं नसतं, तरी त्यांचा बिल्ला तयार असतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चष्म्याला दोरी, आणि खांद्यावर चार परिषदांपूर्वीची पिशवी. यंदाची पिशवीही ते घेतात, पण ती काकूंना भाजीसाठी. उद्घाटनाला समईची ज्योत एसीच्या झोतात तिसऱ्यांदा विझते तेव्हा सगळे प्रमुख पाहुण्यांकडे बघत असतात. काका एसीच्या जाळीकडे बघत असतात आणि मनातल्या मनात झोताची दिशा मोजत असतात.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुन्यावर प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात, तो किती जोराने ढकललाय त्याचा हा आकडा. बेताने ढकलला तर पृष्ठभागावरची बारीक नक्षी दिसते. जोरात ढकलला तर झोत आत घुसतो आणि तिथल्या अणूंना बोलतं करतो. त्यामुळे केव्ही न सांगता चित्र दाखवणं म्हणजे, काकांच्या मते, मुहूर्त न छापता लग्नपत्रिका वाटणं.

त्यांचा दुसरा राग मॅग्निफिकेशनवर. एका मुलीने अभिमानाने सांगितलं, "हे चित्र पन्नास हजार पट मोठं केलंय." काका उठले. "कुठे? तुझ्या मॉनिटरवर, की या वीस फुटी पडद्यावर?" मुलगी पडद्याकडे वळून बघू लागली. प्रश्न रास्त होता. चित्र मोठ्या पडद्यावर गेलं की पटींचा आकडा खोटा पडतो, कोपऱ्यातली मोजपट्टी मात्र चित्राबरोबर ताणली जाते आणि खरी राहते. काकांना छायाचित्र स्पर्धेचं परीक्षक केलं त्या वर्षी त्यांनी मोजपट्टी नाही म्हणून निम्मी चित्रं बाद केली. उरलेल्या निम्म्यांपैकी जांभळे-पोपटी परागकण त्यांनी स्वतंत्र ढिगात ठेवले. इलेक्ट्रॉनला रंग कळत नाही, हे रंग नंतर संगणकावर भरलेले असतात. "परागकणाला फेटा बांधून आणलाय," ते म्हणाले. पुढच्या वर्षी परीक्षक बदलले.

पण काकांची खरी कला बघायची तर प्रदर्शनाच्या दालनात. तिथे कंपन्या आपापले सूक्ष्मदर्शक मांडून बसतात, टाय लावलेली मुलं हसतमुखाने उभी असतात, आणि पडद्यावर ठरलेला नमुना असतो, कार्बनवर शिंपडलेले सोन्याचे कण. काळ्याभोर पाटीवर पांढरे लखलखीत ठिपके, कडा सुरीसारख्या. हा नमुना कुठल्याही यंत्रात देखणाच दिसतो, त्यासाठीच तो ठेवतात. काका त्याला कांदेपोहे म्हणतात. "बघायच्या दिवशीचे पोहे कधी बिघडलेत का?"

मग ते खिशातून फोटोफिल्मची जुनी काळी डबी काढतात. डबीत चिमूटभर रांगोळी असते.

मी हा प्रसंग अगदी जवळून पाहिलाय. विक्रेत्या मुलाचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. रांगोळी वीज वाहून नेत नाही. तिच्यावर झोत सोडला की इलेक्ट्रॉन साचत जातात आणि चित्रात पांढरे पट्टे ओढले जातात. यावर उपाय म्हणून नमुन्याला आधी सोन्याचा पातळ मुलामा देतात. काकांची अट अशी की मुलामा द्यायचा नाही. शिवाय ती सुटी पूड. निर्वात पोकळीत ती उधळली तर परिषद संपेपर्यंत यंत्राचा पोटदुखीचा त्रास कोण निस्तरणार? मुलाने कुणाला तरी फोन केला. फोनवरून परवानगी मिळाली असावी, कारण त्याने कार्बनच्या चिकट पट्टीवर पूड टेकवली, रबरी फुंकणीने जादा उडवली आणि पोकळीत थोडी हवा राहू देणारी सोय सुरू केली. साचलेला भार त्या हवेमार्फत निघून जातो. चित्र आलं, स्वच्छ. खडबडीत दगडी चिरे, त्यांच्या फुटलेल्या कडा, एकावर एक रचलेले. मुलाचं हसू परतलं.

काकांनी वाकून बघितलं. "छान," ते म्हणाले. "केव्ही किती?"

काका कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. त्या काळी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या डिटेक्टरला द्रव नायट्रोजन पाजावा लागे, यंत्र बंद असलं तरी. त्यामुळे गणपतीत आरती आटोपून आणि दिवाळीत फराळ अर्धा टाकून काका नायट्रोजन ओतायला जायचे. गोठ्यात जनावर असलेल्या माणसासारखं त्यांचं आयुष्य होतं, लांबच्या लग्नाला मुक्कामी जाता येत नसे. आताचे डिटेक्टर विजेवर गार होतात. काकांना हे सोयीचं वाटत नाही, बेजबाबदारपणाचं वाटतं.

त्यांची दैवतंही वेगळी. रुस्का सगळ्यांना ठाऊक असतो. त्याने नॉलबरोबर १९३१ साली बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला आणि नोबेल मिळालं थेट १९८६ साली. कुणाचा प्रकल्प नामंजूर झाला की काका खांद्यावर हात ठेवून हेच सांगतात, "रुस्का पंचावन्न वर्षं थांबला." ऐकणाऱ्याला यातून धीर येतो असं मला कधी दिसलेलं नाही. पण काकांचं मन फ्रेंच कास्टांपाशी आहे, ज्याने १९५१च्या आपल्या पीएचडीच्या प्रबंधात इलेक्ट्रॉनच्या झोताने सूक्ष्म ठिपक्यातली मूलद्रव्यं मोजायची पद्धत मांडली. त्याचा फोटो एकाही परिषदेच्या फलकावर नसतो, ही काकांची जुनी तक्रार आहे. मला ती पटते.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता काकांची चेष्टा करणं बरोबर नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका जुन्या वाड्याच्या दाराचा लाल रंग तपासला. सेमवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, तासाभराचा स्लॉट मिळाला होता. ऑपरेटरने नमुना लावला, एडॅक्स, म्हणजे मूलद्रव्यं ओळखायचा आलेख, काढून दिला, आणि सॉफ्टवेअरने त्यात २.३ला उठलेल्या टोकावर, म्हणजे पीकवर, आपणहून 'गंधक' अशी पाटी लावली. मी हरखलो. लाल रंग, त्यात गंधक, म्हणजे हिंगूळ! हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. पाऱ्याचं पीक २.२ला, गंधकाच्या बगलेत, तेव्हा ते त्याच ढिगात लपलं असणार असं मीच ठरवलं. परिषदेत दहा मिनिटं याच्यावर बोललो, शेवटच्या स्लाइडवर वाड्याचा सूर्यास्ताचा फोटोही टाकला.

"केव्ही किती?"

"दहा."

"दहा का?"

खरं उत्तर होतं, ऑपरेटरने लावलं होतं म्हणून. मी ते दिलं. सभागृह हसलं. काका हसले नाहीत.

चहाच्या वेळी त्यांनी मला भिंतीशी गाठलं. एका हातात कप, दुसऱ्या हातातलं बिस्कीट अजून न बुडवलेलं. "बाळ, मारुतीला काय फासतात?"

"शेंदूर."

"शेंदूर म्हणजे?"

"शिशाचा ऑक्साइड," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच पोटात खड्डा पडला. गंधकाचं पीक २.३१ला येतं, शिशाचं २.३५ला. डिटेक्टरला एवढा फरक दिसत नाही, त्याला दोन्ही मिळून एकच टेकाड दिसतं.

"सॉफ्टवेअर म्हणजे आपले तलाठी," काका म्हणाले. "बांधावर न जाता पीकपाहणी. यादीत पहिलं नाव दिसलं, सातबाऱ्यावर चढवलं. बांधावर तू जायला हवं होतंस. वीस केव्ही लाव. शिशाचं दुसरं पीक साडेदहाला असतं, पाऱ्याचं दहाला. ते उठवायला तेरा केव्हीच्या वर झोत हवा. दहावर तू बसलास तर ते उठणार कसं?" मग त्यांनी बिस्कीट बुडवलं. ते तुटून कपात पडलं. काकांनी ते चमच्याने शांतपणे काढून खाल्लं. "आणि अख्ख्या दाराला हिंगूळ फासणारा सावकार मला तरी माहीत नाही. तेवढी ऐपत असती तर वाडा गळका का होता?"

वाडा गळका होता हे मी सांगितलेलं नव्हतं. सूर्यास्ताच्या फोटोत, कौलांवर, निळं प्लास्टिक दिसत होतं.

तेव्हापासून मी काकांना ओळखायला शिकलो, कुठल्याही वेषात. २०१९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पोर्टलंडला मायक्रोस्कोपी अँड मायक्रोअ‍ॅनालिसिसची वार्षिक परिषद होती. समई नाही, शाल-श्रीफळ नाही, दालन मात्र आपल्या मंगल कार्यालयाच्या दहापट, आणि त्यात अख्खे सूक्ष्मदर्शक रांगेने उभे. दुपारच्या एका व्याख्यानात पहिलं करडं चित्र आलं आणि कडेच्या खुर्चीतून पांढऱ्या दाढीचे, हाफ पँट घातलेले एक गृहस्थ म्हणाले, "व्हॉट केव्ही?" त्यांच्या मांडीवरची पिशवी कुठल्यातरी जुन्या वर्षाची होती. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दाराच्या रंगाचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी पुन्हा स्लॉट घेतला, पुन्हा पैसे भरले, वीस केव्ही लावले. दहाच्या जागी काही उठलं नाही. साडेदहाला पीक उभं राहिलं, पोळ्याच्या बैलासारखं. शेंदूर.

पुढच्या परिषदेत मी तेच काम दुरुस्त करून नेलं. पहिल्याच स्लाइडवर, शीर्षकापेक्षा मोठ्या अक्षरांत, '२० केव्ही' लिहिलं, खाली मोजपट्टी, आणि सूर्यास्त काढून टाकला. दिवे मंद झाले. दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत काका होते. त्यांनी स्लाइड वाचली, मान डोलावली, वहीत काहीतरी टिपलं. मी निश्चिंतपणे दुसऱ्या स्लाइडकडे वळलो.

"करंट किती?" आवाज आला.

तो मी नोंदवलाच नव्हता.