गणपत~१ आणि मंडळी

सेकंदाच्या अब्जाव्या हिश्श्यात काय घडलं ते डिजिटल ऑसिलोस्कोप बिनचूक सांगतो. तेच घडलेलं फायलीत जपायची वेळ आली, की त्याला नाव सुचत नाही. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस २००० मालिकेतला स्कोप घ्या. सगळं साठवण्याचं बटण दाबलं की ‘ऑल०००५’ असा फोल्डर तयार होतो. आत पहिल्या चॅनलचे आकडे ‘एफ०००५सीएच१’मध्ये आणि पडद्याचं चित्र ‘एफ०००५टेक’मध्ये. इंग्रजीत मोजा, दोन्ही नावं बरोबर आठ अक्षरांची. डॉसच्या जमान्यात नावाला आठ आणि आडनावाला तीन अक्षरं मिळायची, त्या रेशनकार्डावर ही मंडळी अजून जगतात. रिगोलच्या स्कोपवर ‘न्यूफाईल१’, ‘न्यूफाईल२’ भेटतात. त्या कितीही जुन्या झाल्या तरी न्यूच.

नाव आपणच द्यायचं म्हटलं तर कीबोर्ड कुठाय? पडद्यावर एबीसीडीची पट्टी उमटते. नॉब फिरवत अक्षरापर्यंत जायचं आणि दाबून ते उचलायचं. ‘आर’कडे निघावं, तर नॉब एक खाच जास्त सरकतो आणि आपण ‘एस’वर. मागे यावं तर ‘क्यू’. पुन्हा पुढे, जपून, श्वास रोखून. ‘रिपल’ एवढं लिहून होईस्तोवर टेबलावरचा पॉवर सप्लाय इतका तापतो, की रिपलच बदललेला असतो. म्हणून भलेभले ‘ए’वर भागवतात. पुढचं माप ‘एए’, त्याच्या पुढचं ‘एएए’. हौशी लोक तेवढे ‘फायनल’ लिहितात, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. ‘फायनल’नंतर ‘फायनल१’, मग ‘फायनलओके’. आधीचा ओके नव्हता की काय, हे विचारायचं नाही. माझं मत विचाराल तर मला ‘एफ०००५’च बरा वाटतो. तो काही सांगत नाही, पण थापा तरी मारत नाही.

पेन ड्राइव्हचे नखरे आणखी वेगळे. जुन्या स्कोपला एनटीएफएस चालत नाही, फॅट३२ लागतं. त्यामुळे लॅबमध्ये चालणारा पेन ड्राइव्ह एकच असतो आणि तो हमखास कुणाच्या तरी घरचा असतो. एकदा त्यावर ‘गणपती आरती’ नावाचा फोल्डर होता. आठ अक्षरांत बसेना, म्हणून स्कोपच्या पडद्यावर त्याचं कापलेलं नाव ‘गणपत~१’ उभं राहिलं. नव्या ट्रेनीने भीत भीत विचारलं, “साहेब, हे गणपत कोण? त्यांचं टेस्टिंग झालंय का?” त्या दिवसापासून बेवारशी फाईल सापडली की ती गणपतरावांची.

तारखेवरून शोधावं, तर घड्याळाचा सेल कधीच मेलेला. फॅटच्या पंचांगात काळाची सुरुवात १ जानेवारी १९८० ला होते, त्याआधी जग नाही. सेल गेलेला आमचा स्कोप रोज सकाळी त्याच मुहूर्तावर जागा होतो. त्या स्कोपचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, पण त्याच्या साऱ्या फायली त्याच दिवशीच्या.

मग ऑडिट येतं. ग्राहकाकडून आलेल्या साहेबांनी अमुक नंबरच्या युनिटचा फुल लोडवरचा रिपल मागितला. आमचे साहेब ‘फायनल’ उघडतात, स्क्वेअर वेव्ह. ‘फायनलओके’ उघडतात, पडद्यावर सरळ रेष. प्रोब बहुधा लावलाच नव्हता. “फारच स्वच्छ आउटपुट आहे,” पाहुणे म्हणाले. हे कौतुक की टोमणा, ते आम्हाला कळेना. तेवढ्यात टेस्टिंगच्या ताईंनी खणातून एक वही काढली. पेनाने आखलेले रकाने: फाईल नंबर, युनिट नंबर, चॅनल, लोड, प्रोब १ एक्स की १० एक्स, सही. स्कोप जो नंबर देईल तो तसाच उतरवायचा, नावबिव काही नाही. मधे कधीतरी पेन ड्राइव्ह रिकामा केल्यावर गणती पुन्हा शून्यापासून सुरू झाली होती, तिथे त्यांनी लाल रेघ मारून ‘इथून नवा हिशेब’ लिहिलं होतं. बोट फिरवत त्या म्हणाल्या, “सत्तेचाळीस उघडा, साहेब.” सत्तेचाळीसमध्ये रिपल होता, मर्यादेत होता.

पाहुणे खूष. रेकॉर्डसाठी वहीचं नाव लिहून घ्यावं म्हणून त्यांनी ती मिटून कव्हर पाहिलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: ‘नवीन वही (जुनी)’.