दुपारची शिकवणी

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजी येत नाही, हा निव्वळ अपप्रचार आहे. येतं. फक्त चारचौघांत येत नाही. न्हाणीघरात, हेल्मेटच्या आत किंवा साहेबांनी पाठ फिरवल्यावर आमचं इंग्रजी असं काही वाहतं की बीबीसीने घरी गाडी पाठवावी. पण समोर माणूस आला आणि त्याची एक भुवई जराशी वर गेली, की संपलं. कर्ता एका गावाला, क्रियापद दुसऱ्या गावाला आणि आम्ही ‘ॲक्च्युअली’वर लटकलेले.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. (पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. तोवर आमचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.) पुढे हायस्कुलात सरांच्या टेबलावर रेन अँड मार्टिनचं व्याकरण आलं. हे पुस्तक मुळात हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेलं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे ज्यांचे आईबाप इंग्रजीतूनच रागावतात, त्या पोरांचं औषध आमच्या घशात ओतलं जात होतं. पास्ट परफेक्ट कंटिन्युअस मला आजही झोपेतून उठवून विचारा. विमानात खिडकीची जागा मागायला मात्र सांगू नका.

जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, आता शास्त्रशुद्ध शिकायचं. मुलाने फोनमध्ये अँकी नावाचं ॲप टाकून दिलं. त्यामागचं शास्त्र जुनं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ केली, स्वतःच विसरला आणि विसरण्याचा हिशेब १८८५ साली छापून मोकळा झाला. (आमच्याकडे हेच सगळे करतात, पण छापत कोणी नाही.) पुढे १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनरने कप्प्यांची पेटी सुचवली. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात टाकायचा, तो उशिरा विचारायचा. अडलेला पहिल्या कप्प्यात, तो लगेच पुन्हा. ॲपही त्याच धर्तीवर, आठवेल त्या शब्दाला सुट्टी देत आणि अडेल त्याला पुन्हा उभं करत, घोकून घेतं. शब्द पाठ झाले, पण ते बोलायचे कोणाशी? एका सकाळी हिला इंग्रजीतून चहा मागितला. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मग एआयशी बोलून पाहिलं. त्याला भुवईच नाही, त्यामुळे जीभ सैल सुटते. पण त्याला कंटाळाही येत नाही, ही खरी पंचाईत. मी वांग्याच्या भरतावर काहीही बरळलो तरी ते ‘व्हॉट अ वंडरफुल क्वेश्चन!’ म्हणणार. एवढं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं. जांभई न देणाऱ्या श्रोत्यापुढे आपण कुठे घसरलो हे कळणार कसं?

खरी शिकवणी दुपारी तीनला सुरू होते. क्रेडिट कार्डवाल्या, पर्सनल लोनवाल्या, विमावाल्या मुलींचे फोन येतात तेव्हा. लोक हे फोन खाडकन तोडतात. घरी चालत आलेली विद्या! अहो, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, नम्रपणे बोलण्याचा तिला पगार मिळतो आणि तिचं इंग्रजीही बहुधा आपल्यासारखंच घाम गाळून कमावलेलं असतं, त्यामुळे वेग झेपतो. ओटीपी तेवढा कुठल्याही भाषेत सांगायचा नाही.

माझी तयारी ठरलेली. बाल्कनीत खुर्ची, फोन स्पीकरवर, मांडीवर वही. डाव्या पानावर तिची वाक्यं उतरवायची, उजव्या पानावर आपली. ‘मे आय नो युवर मंथली इन्कम, सर?’ याला आकडा सांगणारा माणूस अडाणी. संभाषण तिथेच मरतं. ‘इट डिपेंड्स’ म्हणायचं. मग ती ‘ऑन व्हॉट, सर?’ विचारते आणि मैदान मोकळं होतं. पेन्शन, महागाई भत्ता, लातूरकडची जमीन, न पडलेला पाऊस, पडलेला भाव. सोयाबीनला इंग्रजीत सोयाबीनच म्हणतात, ही तर देवाचीच कृपा. सी. के. ऑग्डेन नावाच्या इंग्रज पंडिताने १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांचं इंग्रजी तयार केलं होतं, त्यात क्रियापदं जेमतेम १८. क्रेडिट कार्ड न घेता दुपार काढायला एवढा ऐवज भरपूर होतो, हे मी छातीठोकपणे सांगतो.

स्वयंपाकघरातून ही ओरडायची, ‘घेऊन टाका एकदाचं ते कार्ड, त्या पोरीला जेवायला तरी जाऊ द्या!’ एका मुलीचा तर धीरच सुटला. ‘काका, नको असेल तर सरळ नको म्हणा ना,’ असं ती चक्क मराठीत म्हणाली. मी म्हटलं, ‘प्लीज कंटिन्यू इन इंग्लिश.’ तिने फोन ठेवला. वहीत उजवं पान भरलं होतं, डावं कोरंच राहिलं.

ऐन दिवाळीत फोन यायचे बंद झाले. सुरुवातीला वाटलं, त्या मुलींनाही सुट्टी असेल. तुळशीचं लग्न झालं तरी फोन गप्पच. तेव्हा सुट्टीवर आलेला मुलगा सहज बोलून गेला, ‘बाबा, तुम्हाला त्या फोनचा फार त्रास होतो ना? मी १९०९ वर तुमचा नंबर डीएनडीत टाकलाय.’

मी उठून उभा राहिलो आणि त्याला फैलावर घेतलं. विचारल्याशिवाय लोकांच्या नंबरला हात लावणं, वडीलधाऱ्यांच्या शिक्षणात अडथळा आणणं, बंगळुरूला राहून आलेला शहाणपणा, सगळं काढलं. मध्येच लक्षात आलं की हे आपण इंग्रजीतून चालवलंय. तो समोर बसला होता, भुवया जागच्या हलल्या होत्या, तरी मी थांबलो नाही. ही पाट-पाणी सोडून दारात ऐकत उभी.

रात्री कोशिंबीर वाढून घेताना तो म्हणाला, ‘बाबा, मस्त बोललात. फक्त “डिडन्ट टोल्ड” नसतं, “डिडन्ट टेल” असतं.’

मी पानावरून उठून वही आणली. डावं पान उघडलं आणि त्याच्या पगाराची इंग्रजीतून चौकशी सुरू केली.

त्याची सुट्टी रविवारपर्यंत होती. तो शुक्रवारीच बंगळुरूला गेला.