आहे का?

नाशिकमध्ये मिसळीच्या हॉटेलात भिंतीवरचा फलक वाचून ऑर्डर देणारा माणूस बाहेरगावचा समजावा. इथला गिऱ्हाईक फलकाकडे बघतही नाही. तो वेटरलाच विचारतो, "जिलबी आहे का?" फलक रंगवला त्या दिवशी सगळंच होतं, आत्ता काय उरलंय ते वेटरला ठाऊक.

लिनक्सच्या गाभ्यात २००७ साली केव्हीएम नावाचा हायपरव्हायजर आला. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक नांदवायचे, हे त्याचं काम. ते आभासी संगणक प्रत्यक्षात उभे करतात क्वेमूसारखे बाहेरचे प्रोग्राम. आणि त्यांना आधी कळावं लागतं की खालच्या केव्हीएमला काय काय जमतं. त्यासाठी केव्हीएमकडेही एक फलक आहे: एपीआयची आवृत्ती. ती विचारली की उत्तर येतं, १२. अगदी सुरुवातीला आकडा बदलला, मग बारावर जो थांबला तो थांबलाच. बारा सोडून काही आलं तर पुढे जाऊ नका, असं दस्तऐवजातच लिहिलंय. आपला सिंहस्थ बारा वर्षांनी का होईना, पुन्हा येतो. या बाराचे तेरा व्हायची चिन्हं नाहीत.

खरी चौकशी 'चेक एक्स्टेन्शन' नावाच्या खिडकीवर. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे आहे. कधी एकाहून मोठा आकडा येतो, म्हणजे आहे आणि एवढं आहे. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की जुन्या केव्हीएमला त्याच्या जन्मानंतर निघालेल्या सुविधेबद्दल विचारलं तरी तो गोंधळत नाही. नावही न ऐकलेल्या वस्तूला शांतपणे शून्य म्हणतो. हा गुण माणसांत दुर्मीळ. आमच्याकडे पत्ता माहीत नसला तरी डावीकडे वळायला सांगतात.

पण या 'आहे'चेही प्रकार आहेत. प्रोसेसरच्या गुणांची यादी वेगळी मागवता येते. त्या यादीत 'टीएससी डेडलाइन' या टायमरपुढे नेहमीच 'नाही' असायचं, कारण तो आधी दुसरा एक भाग जोडलेला असण्यावर अवलंबून. खिडकीवर स्वतंत्र विचारलं, तर 'आहे'! शिवाय प्रत्येक आभासी यंत्राची जडणघडण निराळी, म्हणून सरसकट न विचारता त्या त्या यंत्रापुरतं विचारा, अशीही शिफारस आहे. नाशिककराला हे नवं नाही. एकाच कचेरीत दोन टेबलांवर दोन उत्तरं त्याने ऐकलेली असतात.

आणखी एक यादी आहे, ती मात्र मला फार सभ्य वाटते. हार्डवेअरमध्ये नसलेल्या, पण केव्हीएम सॉफ्टवेअरने नक्कल करून देऊ शकेल अशा सूचनांची. बाइटांचा क्रम उलटवणारी 'मूव्हबीई' त्यातलीच. काम होईल, पण संथ. म्हणून तिला मुख्य यादीत मिरवायला बसवलेलं नाही. मागणाऱ्याने ही दुसरी यादी मुद्दाम मागवायची, आणि उशीर परवडत असेल तरच होकार द्यायचा.