टॅपेट बोलतंय

माझा वाढदिवस १ जूनला येतो. आमच्या पिढीतल्या निम्म्या माणदेशाचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण जन्म आईने दिला असला तरी तारीख पहिलीच्या गुरुजींनी दिली. 'तू झालास तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती,' असं आई सांगायची. म्हणजे मी पौषाच्या आसपासचा. पण सेवापुस्तकात हुरड्याचा रकाना नसतो. तेव्हा ३१ मे २०२५ ला, कागदोपत्री अठ्ठावन्न पुरी करून, कर्जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झालो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, विठ्ठल-रखुमाईची मूर्ती मिळाली आणि 'गुरुजींनी आता आराम करावा' असं सहा वक्त्यांनी सांगितलं. आराम गावाकडे करायचा होता, दहिवडीजवळ. सामान टेंपोने जाणार होतं. प्रश्न गाडीचा होता.

गाडीच्या वयाचाही असाच घोळ आहे. हीरो होंडा स्प्लेंडर, २००१ ची, एम. एच. ०६. म्हणजे कर्जतच्या गाड्या पनवेलच्या नंबरात जायच्या आधीची, पेणचं पासिंग. मीटर पाच आकडी, त्यामुळे ९९,९९९ झाले की पुन्हा सगळी भोपळी. पहिल्यांदा ते फिरलं तेव्हा मी कशेळ्याच्या रस्त्यावर गाडी कडेला घेऊन, मग पुन्हा चालू करून, पायाने रेटत रेटत शेवटचे दहा-वीस फूट गेलो होतो. पाचही नव्वे एकदम थरथरले, अर्धे वर, अर्धे खाली अडकले आणि मग शून्यांची रांग लागली. बघायला मी आणि एक म्हैस. पुढे ४१,३०६ वर मीटरची वायर तुटली, ती तुटलीच. त्यानंतरचं रनिंग कुठेच नोंदलेलं नाही. मी म्हणतो दोन लाख झालेत. मिस्त्री म्हणतो सव्वादोन. विकत मागायला आलेला माणूस म्हणाला, 'तीन तरी असतील, गुरुजी,' आणि त्या तिसऱ्या लाखाचे पैसे किमतीतून कापून मोकळा झाला.

त्याला मी चहा पाजून वाटेला लावलं. ह्या गाडीवरून खिचडीच्या तांदळाची पोती गेली आहेत, निवडणुकीचे कागद गेले आहेत, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला एका वेळी तीन-तीन मुलं गेली आहेत (हे वाक्य वाहतूक पोलिसांनी गाळून वाचावं) आणि एकदा वाडीवरची एक शेळी गेली आहे, तीही मागे नीट बसून.

''अहो, टेंपोत टाका ती,'' बायको म्हणाली. ''कपाटाच्या आणि गॅसच्या मधे मावेल.''

''मी चालवत नेणार,'' मी म्हणालो.

''पावणेतीनशे किलोमीटर? ह्या वयात?''

ती माझ्या वयाबद्दल बोलत होती की गाडीच्या, ते विचारायचं धाडस झालं नाही.

मे महिन्याच्या मध्यावर गाडी मिस्त्रीकडे लावली. त्याचं गॅरेज चारफाट्याच्या अलीकडे, एका पत्र्याखाली. गेली वीस वर्षं माझ्या गाडीला त्याच्याशिवाय कुणी स्पर्श केलेला नाही. तरी दर वेळी गाडी स्टँडवर चढली की तो भोवती एक प्रदक्षिणा घालतो, कपाळाला आठ्या घालतो आणि विचारतो, ''ह्याला आधी कुणी हात लावलाय?''

''तूच. दिवाळीत.''

''हां, मग ठीक आहे.''

ह्या वेळी मी तयारीने गेलो होतो. एकवीस कलमांची यादी, दुरेघी वहीच्या पानावर, समासासकट. मिस्त्रीने ती हातात घेतली आणि नापास पोराचा बाप प्रगतिपुस्तक वाचतो तशी वाचली. मग कानामागची पेन्सिल काढून एकेक कलम खोडत गेला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर फुल्या मारल्या, त्या सगळ्या त्या पाच मिनिटांत फिटल्या.

''चेन टाकायची, हे बरोबर. पण नुसती चेन नाही, सगळा सेट. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन म्हणजे महिन्याभरात दोघांची वाट लागते. ब्रेक शू बरोबर. क्लच वायर टाकू आणि जुनी सीटखाली राहू दे. कोनसेट गेलाय, हँडल बघा कसं मधोमध अडकतंय. मागचा टायर. प्लग. ऑइल. बाकी काही करायचं नाही.''

''आणि इंजिन? धूर मारतंय की.''

''कोणता धूर?''

''निळा.''

''मग ऑइल जळतंय.''

''तेच म्हणतोय! ब्लॉक-पिस्टन करून टाक ना.''

मिस्त्री खाली बसला. ''गुरुजी, आज बोअर मारला तर नवीन पिस्टन पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवावा लागतो. ताण द्यायचा नाही, गरम होऊ द्यायचा नाही. तुमचं गाव किती लांब?''

''पावणेतीनशे.''

''वाटेत घाट किती?''

''बोरघाट, दिवेघाट आणि फलटणच्या पुढे मोगराळ्याचा.''

''मग तुम्हीच सांगा.''

वर्गात मी पोरांना असंच उत्तरापर्यंत नेऊन सोडत असे. आपल्यावर तो प्रयोग झाला की फार राग येतो.

मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनच्या हेडवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गाडी टकटक करत उभी. पत्र्याखालचे सगळे गप्प. पाना देणारा पोऱ्यासुद्धा हातातला पाना धरून तसाच उभा राहिला.

''टॅपेट थोडं बोलतंय,'' मिस्त्री डोळे न उघडता म्हणाला.

''मग बंद कर.''

''बोलू द्या. टॅपेट कसलं की आवाज जातो, गाडी नव्यासारखी वाटते. पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि घाटात जळतो. बोलणारं टॅपेट कुणाला मारत नाही. गप्प झालं की बघा.''

हे मला लगेच पटलं, कारण मधल्या सुट्टीनंतर चौथीचा वर्ग अचानक शांत झाला की मी खडू टाकून धावत असे.

ठरलं असं की मृगाच्या आत, कोरड्या रस्त्याने निघायचं. पस्तीस वर्षं कर्जतचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाने असं काही ठरवू नये. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर तो कधी आलाच नव्हता म्हणे. आमच्याकडे तर तो दाखल वगैरे झाला नाही, कोसळला. मिस्त्रीच्या पत्र्याला ज्या एका जागी भोक होतं, त्याच्या बरोबर खाली माझ्या गाडीचा उघडा कार्बोरेटर होता. गावाहून भावाचा फोन आला की फलटण-बारामतीकडे ओढे भरून वाहतायत. जन्मभर टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या भागात पाणी, आणि इकडे माझ्या कार्बोरेटरमध्ये पाणी. त्या आठवड्यात महाराष्ट्रात एवढी समता कधी आली नव्हती.

कार्बोरेटर पुन्हा खोलला, जेट फुंकले, वाळवले. २ जूनला टेंपो गेला, टेंपोबरोबर बायको गेली आणि मी रिकाम्या घरात एक चटई, एक बादली आणि एका पितळी तांब्यासह राहिलो. नंबरप्लेटही त्याच दिवसांत आली. उच्च सुरक्षा प्लेट जुन्या गाड्यांना सक्तीची झाली होती आणि तेव्हा ३० जूनची मुदत होती. ५३१ रुपये. लेझरने कोरलेला क्रमांक, न निघणारं लॉक. बाकीची गाडी कुणीही एका हाताने ओढून नेली असती, पण प्लेट मात्र आता चोराच्या बापाला निघणार नाही.

संध्याकाळी वेळ जाईना म्हणून स्टेशनवर वडा खायला जायचो. एकदा मिस्त्रीलाही नेलं. कर्जतचा वडा ज्या थांब्यावर मोठा झाला, तो थांबा मुळात पोटासाठी नाही, घाटासाठी आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढ सदतिसास एक. त्यामुळे पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबते, तिच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ती तिला ढकलत नेतात. रोज, दीडशेहून जास्त वर्षं. गाडीतल्या कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. खिडकीतून हात काढून लोक वडे घेत असतात.

''वंदे भारत बँकर न लावता चढते म्हणे,'' मी म्हणालो.

''नवीन आहे. चढणारच,'' मिस्त्री मिरची चावत म्हणाला. ''पंचवीस वर्षांनी विचारा.''

''आपल्या गाडीचं काय? सत्त्याण्णव सीसी.''

''साडेसात घोडे आहेत की.''

घोडे साडेसात असलेल्या गाडीला आमच्या पंचांगात वेगळं नाव आहे, पण मी ते बोललो नाही.

शेवटची चाचणी म्हणून त्याने मला महडला जाऊन यायला सांगितलं. महड खालापूर तालुक्यातलं, वरदविनायकाचं. चवदार तळ्याचं ते महाड. ह्या एका कान्यावर मी आयुष्यभर लाल शाईचे गोल काढलेत. पळसदरीवरून खोपोली आणि पुढे महड, असा गेलो. हँडल आता लोण्यातून फिरल्यासारखं. ब्रेक इतके चांगले की पहिल्यांदा दाबले तेव्हा मीच टाकीवर येऊन आदळलो. पण टॅपेट बोलत होतं आणि मी इतकं लक्ष देऊन ऐकत होतो की डाव्या हाताला कोणता डोंगर गेला तेही कळलं नाही. उंबरखिंड तिकडेच कुठेतरी खोपोलीच्या पलीकडे. १६६१ साली कारतलबखान एवढी फौज घेऊन घाट उतरला आणि खिंडीत अडकून शरण आला, हे मी चौथीला दर वर्षी हावभावासह शिकवत असे. घाटाची नीट चौकशी न करता निघाल्याचा तो धडा आहे, हे आत्ता कळलं.

देवळात नंदादीप बघितला. १८९२ पासून तो तेवतोय. परत आल्यावर मी मिस्त्रीला हे सांगितलं तर त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. ''तेल घालतात ना वेळच्या वेळी? मग झालं तर,'' म्हणाला आणि नऊशे मिलीचा ऑइलचा जादा डबा माझ्या पिशवीत कोंबला. ''प्रत्येक घाटाच्या पायथ्याला दांडी काढून बघायची. खालच्या रेघेच्या खाली गेलं की टाकायचं. धूर निघेल, निघू दे. मागच्याला त्रास होईल, होऊ दे.''

''आणि मीटरची वायर? तेवढी तरी टाक.''

''कशाला? आकडा बघितला की तुम्ही परत यादी कराल.''

बिल ६,८४० झालं. मी सवयीने घासाघीस सुरू केली. तो म्हणाला, ''चाळीस राहू दे.'' एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच कमी केले, तेव्हा मला एकदम गहिवरून आलं आणि मी पूर्ण दिले. मग तो चाळीस परत द्यायला लागला, मी घेईना. असा आमचा निरोपसमारंभ झाला. त्यात वक्ते नव्हते.

८ जूनला, रविवारी, पहाटे निघालो. पाऊस मे महिन्यात सगळा दम संपवून आता दडी मारून बसला होता. रस्ते कोरडे. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे खोपोलीतून जुन्या रस्त्याने. पायथ्याला दांडी काढून बघितली, शर्टाच्या टोकाला पुसली (ही गोष्ट बायकोला पोहोचल्यावर कळली), आणि घाटाला लागलो. तिसऱ्यावर गेली, दुसऱ्यावर आली, मग एका वळणावर पहिल्यावर. एक भरलेला ट्रक माझ्या बरोबरीने चढत होता. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा धुराकडे, आणि आदराने काच वर केली.

शिंगरोबाच्या देवळाशी थांबलो. मिस्त्रीने सांगितलं होतं, घाटात गाडी बंद करायची नाही. तेव्हा ती तशीच टकटकत ठेवून उतरलो. शिंगरोबा धनगर. ह्या डोंगरातून वाट कुठून काढायची ते गोऱ्या साहेबाला उमगेना, ते ह्याने आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून दाखवलं आणि काम झाल्यावर त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. आमच्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. त्यामुळे हा देव मला नेहमीच गाववाला वाटत आलेला आहे. नाणं ठेवलं. वाट दाखवणाऱ्याला साहेबाने काय मजुरी दिली ते आठवलं आणि ६,८४० पूर्ण दिल्याचं बरं वाटलं.

लोणावळ्यात चहा. पुणं कसं पार केलं ते विचारू नका. दिवेघाट, जेजुरीला खालूनच हात जोडले, नीरा, फलटण, मोगराळे. डब्यातलं अर्धं ऑइल संपलं. बायकोचे सात फोन आले, त्यातले चार 'पोहोचलात का?' असे आणि तीन 'गॅसचा पाना कुठे ठेवलात?' असे. दिवस मावळायच्या आत मी अंगणात गाडी उभी केली. भावकी जमली. पोरं नंबरप्लेटवरून बोटं फिरवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने त्याच्या मित्राला आणलं. त्याचं फाट्यावर लिंबाखाली गॅरेज आहे. पोरगं पंचविशीचं, म्हणजे जवळजवळ गाडीच्याच वयाचं. त्याने किक मारली, पहिल्या किकला चालू झाली म्हणून जरा हिरमुसला. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक हेडवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी श्वास रोखून उभा. बराच वेळ ऐकून त्याने डोळे उघडले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला,

''गुरजी, ह्येला आदी कुनी हात लावलाय?''