वॉकरांचा मूळपुरुष

निवृत्त इंग्रजाला बागेचा नाद लागतो, नाहीतर पूर्वजांचा. वाकले की गुडघे दुखतात, म्हणून यॉर्कशरचे हे वॉकरसाहेब पूर्वजांकडे वळले. (आपल्याकडे वॉकर म्हणजे आधी बाटली, मग बाटलीवरून नाव घेतलेला नट. ते आडनावही असते, हे फार उशिरा कळते.)

साहेबांच्या मते वॉकर म्हणजे चालणारा, आणि चालणारा म्हणजे 1066 साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर हेस्टिंग्जच्या लढाईत चालून गेलेला सरदार. सरदार घोड्यावरून जातात, अशी शंका त्यांच्या बाईंनी काढली. घोडा वाटेत मेला असावा, असे ठरले. दिवाणखान्यात टपालाने मागवलेली ढाल लागली. ढालीवरचे चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळते. पण हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि साहेबांनी विचारले नाही.

मग रीनीचा 1958 चा आडनावांचा कोश घरात आला. वॉकर : कापड तुडवणारा. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ आणि तेलकट असे. ते दाट व्हावे म्हणून हौदात टाकून तासन्‌तास पायांनी तुडवायचे. हौदात पाणी आणि मूत्र. तेही शिळे, कारण शिळ्यात अमोनिया होतो आणि तेल सुटते, ताजे कुचकामाचे. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीचे लाकडी हातोडे हे काम करू लागले. पाय सुटले, नाव मात्र चिकटले.

साहेब दोन दिवस स्वतःच्या पायांकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी सावरले. "आमचे पाय होते म्हणून इंग्लंडच्या अंगावर कापड आले!" आता पाहुण्यांच्या पेल्यात वाइन ओतता ओतता ते शिळ्याताज्यातला फरक समजावून सांगतात. पाहुणे पेला खाली ठेवतात.

बाई माहेरच्या टकर, डेव्हनच्या. इंग्रजीत 'टक' म्हणजे खाऊ, म्हणून टकर म्हणजे खादाड घराणे, ही साहेबांची चाळीस वर्षांची थट्टा. एका संध्याकाळी बाईंनी चष्मा लावून कोशातले 'टी'चे पान काढले. उत्तरेत वॉकर, तोच दक्षिणेत फुलर आणि डेव्हनकडे टकर. धंदा तोच, हौदही तोच. (फुलरच्या हौदातली माती म्हणजे आपली मुलतानी; आपण ती हौसेने तोंडाला लावतो.) शिवाय टकरांचा एक्झिटरमधला 1471 पासूनचा हॉल अजून उभा आहे, हे बाईंनी दोनदा ऐकवले.

आमच्या भटजींनी हे लग्न सगोत्र म्हणून बोहल्याआधीच मोडले असते.