उष्मांकर

याचं खरं आडनाव देशपांडे असो, पाटील असो की सावंत, आपण त्याला उष्मांकर म्हणू. वस्ती सनीव्हेल किंवा फ्रीमाँटला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या त्या पट्ट्यात, जिथे मराठी माणसाला कढीपत्त्याचं रोप थंडीत जगवण्यापलीकडे फारसं दुःख नसतं. व्यवसाय सॉफ्टवेअर. वय पंचेचाळीसच्या पुढे. पोट पूर्वी होतं. आता त्याचा तक्ता आहे.

वजन उतरवणारे आपण पुष्कळ पाहिलेत. उष्मांकरचं वैशिष्ट्य हे, की त्याचं एका पथ्यावर भागत नाही. तो दोन पथ्यं एकदम पाळतो, आणि त्या दोन पथ्यांचं आपसात पटत नाही.

पहिलं पथ्य तेल पिण्याचं. बर्कली विद्यापीठात सेथ रॉबर्ट्स नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी २००६ साली ‘द शांग्रि-ला डाएट’ नावाचं पुस्तक लिहिलं. पॅरिसमध्ये अनोळखी चवीची गोड पेयं पिताना आपली भूक मेली, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी तर्क बांधला: ओळखीची चव आणि तिच्यामागून येणारे उष्मांक यांची सांगड मेंदू घालतो आणि भूक वाढवतो. उष्मांक बेचव आले, तर मेंदूला पत्ता लागत नाही आणि भूक खाली येते. म्हणून बिनवासाचं, बिनचवीचं ऑलिव्ह तेल चमचा-दोन चमचे प्यायचं, नाहीतर साखरेचं पाणी. अट एकच: आधी तासभर आणि नंतर तासभर जिभेला कसलीही चव लागता कामा नये. रॉबर्ट्स यांनी स्वतःवर प्रयोग करून ३५ पौंडांच्या आसपास वजन उतरवलं. पुस्तकात उंदरांचे दाखले आहेत. माणसांपैकी मुख्य साक्षीदार ते स्वतः. उष्मांकरला तेवढं पुरतं. ‘आपले बर्कलीचे रॉबर्ट्स’ असं तो म्हणतो, जणू ते चाळीत वरच्या मजल्यावर राहत होते.

दुसरं पथ्य उष्मांक कापण्याचं. १९३५ साली कॉर्नेलच्या क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषण पुरेसं पण खाणं कमी दिलं, तेव्हा ते उंदीर जास्त जगले. त्यानंतर रॉय वॉलफर्ड या डॉक्टरांनी हेच माणसाला लागू करून १२० वर्षं जगण्याचं पुस्तक लिहिलं. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या बंद घरात १९९१ पासून दोन वर्षं आठ माणसं कोंडून घेतलेली होती, त्यांतले डॉक्टर हेच. आत धान्य कमी पिकलं आणि सगळ्यांनाच पथ्य घडलं. उष्मांकर ही कथा आपण सत्यनारायणाची सांगतो तशी सांगतो, फक्त प्रसादाविना.

आता गंमत पाहा. रॉबर्ट्स म्हणतात, तेल प्या आणि मग भूक लागेल तेवढं खा, मोजत बसू नका. वॉलफर्डपंथी म्हणतात, भूक लागो न लागो, मोजा. उष्मांकर भूक लागू नये म्हणून तेल पितो, आणि न लागलेल्या भुकेचीही नोंद ठेवतो. त्याची दिवसाची मर्यादा १५०० उष्मांकांची. दोन मोठे चमचे तेल म्हणजे २४०. म्हणजे पोळी अर्धी करून, भात सोडून, चहातली साखर काढून जी मर्यादा राखली, तिचा जवळजवळ सहावा हिस्सा हा गृहस्थ डोळे मिटून घशाखाली ओततो. ‘गुंतवणूक आहे ती,’ तो सांगतो. त्याचं सगळं बोलणं असंच: पोळी ‘खर्च’, चालणं ‘जमा’, आणि श्रीखंड ‘उचल’.

स्वयंपाकघरात ओट्यावर काटा. पोहे भिजवण्याआधी वजन, भिजवल्यावर वजन. फोडणीचं तेल वहिनी मोजून देत नाहीत, हा त्यांच्या संसारातला एकमेव गंभीर वाद. ‘अहो, मोहरी तडतडायला लागल्यावर मी चमचा शोधू का?’ वहिनींचं म्हणणं रास्त आहे. शिवाय एक मूलभूत अडचण आहे, जी रॉबर्ट्सना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. चव आणि उष्मांक यांची ताटातूट करा, असं ते सांगतात; आणि आपला स्वयंपाक सुरूच होतो तो तेलात हिंग-जिरं घालून त्या दोघांची गाठ मारण्यापासून. मराठी घरात बेचव तास काढायचा तर घराबाहेरच पडावं लागतं. उष्मांकर पडतो. सकाळी तेल घेऊन तो बागेत फेऱ्या मारतो, दात घासलेले नसतात, कारण टूथपेस्टलाही पुदिन्याची चव असते. समोरून ओळखीचं कुणी आलं की तो दुरूनच हात करतो.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आई पुण्याहून आली, तेव्हा तो तेलाचा घोट घेत होता. नाकाला पोहणाऱ्यांचा चिमटा. (हाही त्या पंथाचा एक पोटभेद: नाक बंद केलं की चव लागत नाही, मग काहीही खा.) आईने क्षणभर पाहिलं आणि विचारलं, ‘काय रे बाळा, पोट साफ होत नाही का?’ लहानपणी याच मुलाला एरंडेल पाजायला तिघे जण धरायला लागत. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे तिला त्या प्राध्यापकांच्या आधीपासून माहीत होतं. तिने पुढचे महिने बहिणीशी फोनवर एकच विषय चालवला. बहीण औरंगाबादची, दीक्षित पंथाची: दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांत जेवण आटपायचं. तिला भाच्याचं पटलं नाही. ‘तेल पितोस, त्यापेक्षा दोनदाच जेव ना!’

तो बारीक झालाय का? झालाय, हे मान्य करायला हवं. पण दोन्हींतल्या कुठल्या पथ्याने, हे त्याला सांगता येत नाही. आणि ज्या माणसाला प्रयोगाचा एवढा अभिमान, त्याला हे विचारलं की तो एकदम तुमच्या वजनाची चौकशी करतो. दोन्ही गुरूंबद्दलही फार खोलात विचारू नये. वॉलफर्ड २००४ साली ७९व्या वर्षी मज्जासंस्थेच्या आजाराने गेले, रॉबर्ट्स २०१४ साली डोंगरात फिरताना ६०व्या वर्षी. त्यावरून पथ्यं खोटी ठरत नाहीत, हे उष्मांकरचं म्हणणं बरोबर आहे. खरीही ठरत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

माझा आक्षेप वेगळाच आहे. पथ्याचा उद्देश खाण्याचा विचार कमी व्हावा हा होता, आणि मी पाहिलेल्या सगळ्या खादाडांत खाण्याविषयी इतकं बोलणारा दुसरा नाही. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटात छत्तीस तरुणांना अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. उष्मांकर अर्धपोटी नाही, तेल पिऊन तृप्त आहे असा त्याचा दावा. पण मध्यरात्री तो फोनवर पाहतो ती उकडीच्या मोदकांची चित्रफीत. विचारलं तर म्हणतो, पारीची जाडी पाहतोय, उष्मांकांचा अंदाज यावा म्हणून.

गणपतीत तो तुमच्याकडे येईल. त्याला आग्रह करू नका, त्याने तो बिचकतो आणि तासाचं कारण सांगतो. तुपाची वाटी आणि मोदकांचं ताट त्याच्या समोर ठेवा, आत कुणाचा तरी फोन आल्याचं सांगा आणि दहा मिनिटं बाहेर येऊ नका. आलात की ताटातले मोदक मोजू नका. त्याने मोजलेले असतात.