किती केबीपीएसचं लग्न?

काकांकडे लग्नाची कॅसेट घेऊन गेलेल्या माणसाला पाणी नंतर मिळायचं. आधी प्रश्न यायचा, "तुमचा प्लेअर काय काय खातो?"

माणूस गांगरायचा. आपल्या प्लेअरला खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी असतात हे त्याला ठाऊक नसायचं. काकांना ठाऊक असायचं. ते फडताळातून एक लांबोडकं रजिस्टर काढायचे. बँकेतली सवय. फ्लॅटनिहाय खाती: "बी-३०४. व्हीसीडी चालते. डीव्हीडी मायनस आर चालते, प्लस आर घेत नाही. रिमोट हरवला आहे." सोसायटीच्या सेक्रेटरीकडे सभासदांची एवढी तपशीलवार नोंद कधीच नव्हती.

काकांसारखा माणूस डोंबिवलीत असतो, ठाण्यात असतो, कोथरूडमध्ये तर मोठी सोसायटी असेल तर विंगनिहाय असतो. आमच्या काकांनी २००१ साली राष्ट्रीयीकृत बँकेतून व्हीआरएस घेतली. त्या पैशांत कुणी गावचं घर बांधलं, कुणी शेअर घेऊन पस्तावलं. काकांनी लॅमिंग्टन रोड गाठला आणि एक कॉम्प्युटर जुळवून आणला. पेंटियम फोर, टीव्ही ट्यूनर कार्ड आणि सीडी राइटर. घरच्यांना वाटलं, आता हे पत्ते खेळतील. काकांनी पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट मागून आणली आणि म्हणाले, "ही बुरशीनं जाण्याआधी हिची सीडी मारून देतो."

तेव्हापासून काकांनी सोसायटीतली यच्चयावत लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं आणि एक सत्यनारायण कन्व्हर्ट केला. मोबदला शून्य, फक्त कोऱ्या सीडी ज्याच्या त्यानं आणायच्या. मात्र यातलं एकही लग्न त्यांनी पाहिलेलं नाही. ते फक्त तपासतात. लिफ्टमध्ये एखाद्या वहिनी भेटल्या की त्यांना त्या वहिनी आठवत नाहीत, दोष आठवतो. "तुमच्या मुंजीत आवाज मागे पडला होता, नाही का?" वहिनींना वाटतं, त्यांच्या मुंजीला माइक बिघडला होता. काका चित्र आणि आवाज यांच्या फारकतीबद्दल बोलत असतात.

लग्नाची प्रतसुद्धा ते बिटरेटनं ठरवतात. व्हीसीडीचं गणित ठरलेलं: चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं, आणि या सगळ्या चित्रांना मिळून सेकंदाला ११५० किलोबिट. लग्न आमदाराच्या मुलीचं असो की शिपायाच्या, त्यावर एक बिट वाढवून मिळत नाही. एवढ्याशात भागवायचं तर प्रत्येक चित्र पुरतं साठवून चालत नाही; मधल्या चित्रांचं, आधीच्या-नंतरच्या चित्रापेक्षा काय हललं, तेवढंच टिपून ठेवायचं. त्यामुळे अंतरपाट धरलेला असतो तोवर काका खुशीत असतात. दोन्हीकडचे मामा मागे खांबासारखे उभे, वधूवर खाली बघतायत, सगळ्या पडद्यावर हलतात ते फक्त गुरुजींचे ओठ. बिटांची नुसती बचत. आणि मग शेवटचं मंगलाष्टक संपतं आणि हॉलभर माणसं एकदम अक्षता टाकतात!

इथे काकांचा चेहरा पडतो. प्रत्येक दाणा आपापल्या दिशेनं निघालेला, कुणाचं मागच्या चित्राशी काही नातं नाही. एन्कोडर हात टेकतो. ११५० किलोबिटांत तांदूळ मावत नाहीत, मग तो तांदळांचेही चौकोन करतो आणि नवरानवरीचेही. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील विचारतात, "बाकी सगळं छान आहे हो, पण ऐन मुहूर्तालाच चित्र कसं फुटलं?" काका शांतपणे सांगतात, "तांदूळ जास्त झाले." पुढे ज्यांच्या घरी कार्य ठरलेलं असे त्यांना ते आमंत्रण घेतानाच सांगून ठेवत, "अक्षता बेतानं वाटा."

व्हीसीडीची दुसरी खोड म्हणजे ऐंशी मिनिटांत सीडी भरते. तीन तासांच्या कॅसेटचे तीन तुकडे होणारच, आणि तुकडा कुठे पाडायचा हे काका घड्याळ बघून ठरवत, विधी बघून नाही. बी-३०४ मधल्या जोडप्याची सप्तपदी अशीच सहाव्या पावलावर थांबली. सातवं पाऊल दुसऱ्या सीडीवर होतं आणि ती सीडी कुणीतरी नेली ती परत आलीच नाही. पाहुण्यांना पहिली सीडी दाखवून "पुढचं झालं सगळं नीट" असं तोंडी सांगावं लागे.

मग डीव्हीडी आली, आणि काकांच्या आयुष्यात पहिल्यांदा श्रीमंती आली. ७२० गुणिले ५७६! पण पहिल्याच दिवशी त्यांना घोटाळा सापडला. डिस्कवर लिहिलेलं ४.७ जीबी, कॉम्प्युटर दाखवतो ४.३८. डिस्कवाले हजाराच्या हिशेबानं मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, हे त्यांना कळत होतं, पटत मात्र कधीच नव्हतं. "बँकेत एवढा फरक लागला असता तर टॅली होईपर्यंत रात्री बारालाही कुणाला सोडलं नसतं," असं ते अजून म्हणतात. चिडून त्यांनी आहे त्या जागेत जास्तीत जास्त चांगलं चित्र बसवण्याचा चंग बांधला आणि टू पासचा नाद लागला. टू पास म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम: पहिल्या फेरीत नुसतं बघून यायचं, कुठे किती खर्च येईल याचा अंदाज घ्यायचा, काम दुसऱ्या फेरीत. पेंटियम फोरवर एका लग्नाला रात्र पुरत नसे. फोन आला की काकू सांगत, "घरी आहेत, पण सेकंड पासमध्ये आहेत."

त्यात भारनियमन. ९७ टक्क्यांवर दिवे जायचे, यूपीएस कोकलायचा, आणि काका अंधारात कॉम्प्युटरच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. डिस्क लिहिली जात असताना घरात मिक्सर लावायला बंदी होती. त्याचा लिहिण्याशी काडीचाही संबंध नव्हता, पण काकूंनी तो वाद घातला नाही. चटणी शेजारून वाटून आणली. फुकट गेलेल्या डिस्क बाल्कनीत दोरीला टांगल्या जात, कबुतरांसाठी. अर्धीमुर्धी लग्नं तिथे उन्हात फिरत असत आणि कबुतरं त्यांना बिलकूल भीत नसत.

खरी कसोटी लागायची ती न्यू जर्सीहून एखाद्या नातवाच्या बारशाची डीव्हीडी आली की. तिकडे सेकंदाला चित्रं २९.९७, आपल्याकडे २५. रंगीत टीव्ही आणताना अमेरिकेनं १९५३ साली तिसातून हा चिमूटभर भाग कमी केला, ही गोष्ट काका अशी सांगतात की जणू त्यांच्या खात्यातून काढला. "राउंड फिगर ठेवायला काय झालं होतं?" २९.९७ ची २५ करताना मधली चित्रं गाळावी लागतात आणि पाळणा हलायचा तो ठेचकाळत हलतो. आजीला त्याचं काही नसतं. ती बाळ बघते. काका पाळणा बघतात.

एक तत्त्व मात्र त्यांनी सोडलं नाही. कुणी भाड्याच्या नव्या सिनेमाची डीव्हीडी घेऊन आलं की दारातूनच परत. "सिनेमा आणू नका, लग्न आणा." कॉपीराइट कळतो म्हणूनही असेल, आणि सिनेमात सुधारणेला वाव नसतो म्हणूनही. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं.

त्यांचा एकमेव शत्रू म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा. त्यानं एकदा सहज सांगितलं, "काका, कशाला कन्व्हर्ट करताय? व्हीएलसीत सगळं चालतं." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, चालतं रे. चालवून घेणं वेगळं आणि नियमात बसणं वेगळं." हेच वाक्य ते बँकेत कर्जाच्या अर्जावर म्हणत असावेत.

मध्यंतरी काम थंडावलं. लग्नं थेट पेनड्राइव्हवर येऊ लागली, प्लेअर भंगारात गेले, रजिस्टर बंद झालं. आता पुन्हा बेल वाजते, कारण नव्या लॅपटॉपना डिस्क घालायला जागाच नसते आणि डिस्क मात्र घरोघर कपाटात पडून आहेत. काकांनी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेतलाय. परवा बी-३०४ मधला मुलगा आला. आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, सगळ्या व्हीसीडी जोडून एक एमपीफोर हवी होती. दुसरी सीडी घर रंगवताना माळ्यावर सापडली होती. "आणि काका, तुम्हाला जमत नसेल तर मी तशाच वर टाकतो, यूट्यूबवर."

"वर टाकलंस की ते लोक पुन्हा कन्व्हर्ट करणार," काका म्हणाले. "बस."

सहावं पाऊल आणि सातवं पाऊल जोडलं गेलं. मुलगा खूश झाला, उठायला लागला. काकांनी सांधा पुन्हा चालवला, मग पुन्हा.

"पाऊल आधी पडतंय, गुरुजी नंतर सांगतायत," ते म्हणाले. "तीनशे मिलिसेकंदांचा फरक आहे. असं लग्न मी देणार नाही. गुरुवारी ये."